पाचव्या ओळीवरचे नाव

शेजारच्या गॅरेजमध्ये, पान्हे आणि हातोड्या टांगलेल्या फळीच्या बाजूला, बुटांच्या खोक्याचे एक झाकण खिळ्याला अडकवलेले आहे. त्यावर काळ्या मार्करने एक ते पाच आकडे घातलेले आहेत आणि त्यांच्यापुढे शिकागो बेअर्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या, खेळाडूंची नावे. पहिला गेल सेयर्स, दुसरा वॉल्टर पेटन, तिसरा ब्रॉन्को नागुर्स्की, चौथा रेड ग्रेंज. पाचव्या आकड्यापुढे पांढऱ्या चिकटपट्टीचे थरावर थर चढलेले आहेत, कारण तिथले नाव सतत बदलते आणि बदलले की वर नवी पट्टी बसते. झाकणाचा मालक ऐंशीचा आहे. गेल्या बारा वर्षांत आमच्यात पाने झाडण्याचे आणि बर्फ उपसण्याचे सोडले तर बाकी बोलणे बहुतेक याच झाकणावरून झाले आहे. 2024 च्या ऑक्टोबरात एका शनिवारी आम्ही दोघे आपापल्या अंगणातली मेपलची पाने उंच कागदी पिशव्यांत दाबून भरत होतो. ओल्या पानांचा तो आंबूस, चहाच्या चोथ्यासारखा वास हवेत भरला होता. तेवढ्यात त्यांचा अकरा वर्षांचा नातू वही घेऊन आला. आवडीच्या कोणत्याही विषयातल्या पाच जणांचा क्रम लावा आणि कारणे द्या, असा त्याला शाळेत अभ्यास मिळाला होता. आजोबांची यादी तोंडपाठ असल्यामुळे त्याला दुसरे मत हवे होते.

मी खिशातून फोन काढला. दिवसभर आकड्यांत काम करणाऱ्या माणसाचा हात आपोआप तिकडेच जातो. बेअर्ससाठी धावून मिळवलेले यार्ड मी क्रमाने वाचून दाखवले: पेटन 16,726, मॅट फोर्टे 8,602, नील अँडरसन 6,166, रिक कॅसारेस 5,657, गेल सेयर्स 4,956. ही झाली यादी, असे म्हणून मी फोन परत खिशात टाकला. ज्या सेयर्सला आजोबांनी पहिल्या ओळीवर बसवले होते तो माझ्या यादीत शेवटचा आला होता, आणि नागुर्स्की व ग्रेंज तर यादीतच नव्हते. आजोबांनी दाताळे झाडाला टेकवले, हातमोजे काढले आणि न रागावता, नुसती चौकशी करावी तशा स्वरात विचारले, "यांतल्या कुणाला बघताना तू कधी थंडीत कुडकुडला आहेस?"

मी उत्तर दिले नाही. खरे तर उत्तर होते.

ते उत्तर त्या वेळी का दिले नाही, हे मला पुढचे दोन आठवडे टोचत राहिले. रनिंग बॅक म्हणजे कोण, हे भारतातून आलेल्या पाहुण्यांना सांगताना मी कबड्डीपासून सुरुवात करतो, कारण परळच्या चाळीत मी लहानपणी जो खेळ डोळे फाडून पाहिला तो तोच. एक जण सात जणांच्या घोळक्यात शिरतो, सगळे त्याला जमिनीवर आणायला टपलेले असतात आणि तो खांदा एका बाजूला दाखवून पाय दुसऱ्या बाजूला टाकतो. इथवर दोन्हींत साम्य आहे. पण चढाई करणाऱ्याला परत यायचे असते. त्याची सगळी अक्कल मधली रेषा पुन्हा गाठण्यात खर्च होते. रनिंग बॅकला परतीची रेषा नाही. चेंडू पोटाशी धरायचा, आपल्या धिप्पाड सोबत्यांनी धक्के मारून उघडलेल्या फटीत घुसायचे, पुढे जायचे आणि पडायचे. कुठे पडलास, एवढेच मोजले जाते. मग उठायचे आणि पुन्हा पडायला उभे राहायचे. पेटन 13 हंगामांत 3,838 वेळा असा धावला आणि दर वेळी त्याच्या पदरात सरासरी चार मीटरच्या आसपास पडले. चार मीटर म्हणजे आमच्या चाळीतल्या खोलीची लांबी; दारापासून मोरीपर्यंत. आपल्याला पाडायला आलेल्या अकरा जणांनी भरलेली ती खोली त्याने 3,838 वेळा ओलांडली. सगळ्या खोल्या एकापुढे एक ठेवल्या तर पंधरा किलोमीटरांच्या थोडे पुढे जाते, म्हणजे चर्चगेटहून निघालेला माणूस वांद्र्याला पोहोचतो. हा हिशेब मी एका रात्री कागदावर मांडला आणि मांडून झाल्यावर जाणवले की मी आजोबांच्या प्रश्नाला पुन्हा एकदा आकड्यानेच उत्तर देतो आहे.

पेटनला मी पहिल्यांदा पाहिले ते तो गेल्यानंतर. 1999 च्या सप्टेंबरात मी शिकागोला आलो, चौघांत एक घर, जमिनीवर गाद्या, कुणीतरी रस्त्याकडेला सोडलेला एक टीव्ही. फेब्रुवारीत त्याने पत्रकारांपुढे येऊन आपल्या यकृताच्या दुर्मीळ आजाराविषयी सांगितले होते, ही बातमी मला ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. पुढे पित्तनलिकेचा कर्करोग निघाला, यकृताच्या प्रत्यारोपणाची वाट बंद झाली आणि 1 नोव्हेंबरला तो गेला. त्या आठवड्यात ऑफिसातली माणसे हळू आवाजात बोलत होती, आणि कुणाच्या घरी काही झाले आहे का, असे मी खरोखर विचारले. शनिवारी सोल्जर फील्डवर, म्हणजे बेअर्सच्या मैदानावर, त्याच्या स्मरणार्थ सभा झाली. टीव्हीवर मी पाहिले की हजारो माणसे त्याच्या 34 नंबरचे जर्सी घालून बसली आहेत आणि दाढीवाले, पोट सुटलेले पुरुष उघडपणे रडत आहेत. दुसऱ्या दिवशी बेअर्सचा सामना ग्रीन बेमध्ये होता. तिथल्या संघाकडून ते सलग दहा सामने हरलेले होते. शेवटच्या क्षणी ग्रीन बेने अगदी जवळून मारलेला फील्ड गोल, म्हणजे खांबांमधून जायला लाथाडलेला चेंडू, ब्रायन रॉबिन्सनने हात उंचावून अडवला आणि बेअर्स 14-13 जिंकले. मला नियम कळत नव्हते. वरच्या मजल्यावर कुणीतरी जमिनीवर पाय आपटत होते, आमच्या छताचा चुना पडत होता, आणि आपण या गावात राहायला आलो आहोत असे मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटले. काही महिन्यांनी वाहन परवाना काढायला गेलो तेव्हा खिडकीमागच्या बाईंनी अवयवदाता म्हणून नोंद करायची का, असे विचारले आणि मी गोंधळलेला पाहून एवढेच म्हणाल्या, "पेटनमुळे हल्ली पुष्कळ जण हो म्हणतात." मी हो म्हटले. एखाद्या खेळाडूसाठी मी केलेली ती एकमेव गोष्ट असावी.

पुढच्या काही वर्षांत जुनी चित्रणे पाहून मी त्याला शिकून घेतले, जसे आपण नात्यातल्या न पाहिलेल्या आजोबांना फोटोंतून शिकतो. मिसिसिपीतल्या कोलंबिया गावचा हा मुलगा 1975 मध्ये बेअर्सकडे आला आणि पहिल्याच सामन्यात आठ वेळा धावून त्याने मिळवलेले यार्ड होते शून्य. दोनच वर्षांनी, 20 नोव्हेंबर 1977 ला, अंगात फ्लू असताना त्याने मिनेसोटाविरुद्ध 40 वेळा चेंडू उचलून 275 यार्ड काढले. तो विक्रम पुढे 23 वर्षे टिकला. 7 ऑक्टोबर 1984 ला त्याने जिम ब्राउनचा 12,312 यार्डांचा विक्रम मागे टाकला. पण चित्रणे पाहताना हे आकडे दिसत नाहीत. दिसते ते असे, की बाजूची पांढरी रेषा दोन पावलांवर असते, ती ओलांडली की मार वाचतो, कुणी नावे ठेवणार नाही. आणि हा माणूस रेषेकडे पाठ करून, मोकळा हात पुढे काढून, आलेल्याच्या अंगावर स्वतःच जातो. पडल्यावरसुद्धा उठता उठता चेंडू बोटांनी हळूच काही इंच पुढे सरकवून ठेवतो. पंच बघत असतात, तो बघत नसल्यासारखे करतो. त्याला 'स्वीटनेस' म्हणत. त्या गोडव्यातली ही बारीकशी लबाडी मला फार आपली वाटते. आठवडी बाजारात मापाच्या वर एक मूठ घालून घेणाऱ्या माझ्या आजीची आठवण येते.

त्याच्या सगळ्या कारकिर्दीत मला जी गोष्ट अजूनही खटकते ती मात्र 26 जानेवारी 1986 ची आहे. न्यू ऑर्लीन्समध्ये बेअर्सनी सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, 46-10 असा धुऊन काढला. अकरा वर्षे पडक्या संघाचे ओझे वाहिल्यावर पेटनला तो दिवस मिळाला होता. टचडाऊन, म्हणजे चेंडू मैदानाच्या टोकाच्या रेषेपार नेऊन गुण मिळवणे, अगदी एका यार्डावर आला असताना प्रशिक्षक माइक डिटका यांनी चेंडू दिला विल्यम पेरीला, 'रेफ्रिजरेटर' म्हणून गाजलेल्या त्या अगडबंब बचावपटूला. गंमत म्हणून. स्टेडियम हसले, पेरीने टचडाऊन केला, आणि पेटनच्या नावावर त्या सामन्यात एकही लागला नाही. त्याचे आपल्याला वाईट वाटते, असे डिटका पुढे अनेकदा म्हणाले. घरातल्या लग्नात सगळ्यांची पाने वाढून झाल्यावर ज्याने राबून लग्न उभे केले त्याच्यासाठी जागाच उरू नये, तसे ते मला वाटते. आणि तरीही माझ्यातला हिशेबनीस कुरकुरतो, की 46 गुण लागले, संघ जिंकला, मग कुणाच्या हातात चेंडू होता याने काय बिघडते? बिघडते. काय ते सांगता येत नाही.

सेयर्सविषयी मात्र मला चित्रणांवर विसंबावे लागले नाही, कारण 12 डिसेंबर 1965 चा सामना मी शेजारच्या गॅरेजमध्ये निदान तीस वेळा ऐकला आहे. आजोबा तेव्हा एकवीस वर्षांचे होते आणि वडिलांबरोबर रिग्ली फील्डवर गेले होते. बेअर्स त्या काळी बेसबॉलच्या त्या मैदानावर खेळत. पाऊस, चिखल, लोकरीचा कोट भिजून मणाचा झालेला. वडिलांनी कॉफीचा थर्मास आणला होता आणि त्याचे झाकण घट्ट बसत नव्हते. हा तपशील कधीही चुकत नाही. मैदानावर सॅन फ्रान्सिस्कोचे खेळाडू वळायला गेले की घसरून बसत होते, आणि कॅन्ससहून आलेला हा पहिल्याच हंगामातला पोरगा असा चालला होता, की जणू त्याच्या पायांखाली फक्त कोरडी जमीन पाठवली जात होती. एक आखूड पास घेऊन तो 80 यार्ड गेला, समोरच्यांनी लाथाडलेला एक चेंडू, म्हणजे पंट, उचलून 85 यार्ड, आणि मधे धावून चार. एका सामन्यात सहा टचडाऊन. त्या हंगामात त्याने 22 केले. आजोबा हे सांगताना खुर्चीतून उठतात, गॅरेजच्या सिमेंटवर एक पाय डावीकडे टाकतात आणि अंग उजवीकडे नेतात. ऐंशी वर्षांच्या माणसाचे ते वळणे अर्ध्यावर थांबते, हात फळी शोधतो, पण त्या अर्ध्या वळणातसुद्धा मला सेयर्स दिसला आहे. त्याला फक्त हातभर उजेडाची फट पुरायची, असे त्याच्याविषयी म्हणतात. गॅरेजचे दार तेवढेच उघडे असते.

असे एकूण 68 सामने.

नोव्हेंबर 1968 मध्ये त्याच सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध त्याच्या उजव्या गुडघ्याचे बंध तुटले. पुढच्या वर्षी तो परत आला, 1,032 यार्ड काढून लीगमध्ये पहिला आला, पण पाहणारे सांगतात की तो आता वळत नव्हता, धडकत होता. मग दुसरा गुडघाही गेला. चौतिसाव्या वर्षी तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत गेला, इतक्या लहान वयात तिथे कुणीच पोहोचलेले नाही. याचाच दुसरा अर्थ असा की त्या वयात त्याचे खेळणे कधीच संपून गेले होते. तीन वर्षांपूर्वी माझ्याही गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. सकाळी आत गेलो, संध्याकाळी स्वतःच्या पायाने जिना चढलो, आणि आता गुडघ्यावर उडदाएवढे दोन डाग तेवढे उरले आहेत. ते डाग मी आजोबांना दाखवले तेव्हा त्यांनी वाकून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "एवढेच?" ते माझ्या गुडघ्याविषयी बोलत नव्हते. सेयर्सच्या त्या परतीच्या वर्षी त्याच्या खोलीतला सोबती, पाठीराखा आणि त्याच जागेसाठीचा स्पर्धक ब्रायन पिकोलो कर्करोगाने आजारी पडला आणि 1970 च्या जूनमध्ये, अवघ्या 26 व्या वर्षी गेला. एक गोरा, एक काळा, आणि संघाने त्यांना एका खोलीत ठेवले होते, हे त्या काळी साधे नव्हते. त्यांच्यावर टीव्हीसाठी चित्रपट निघाला आणि अमेरिकेतल्या एका पिढीच्या पुरुषांना तो पाहून रडण्याची मुभा मिळाली. स्वतः सेयर्स 2020 मध्ये गेला. शेवटी त्याला स्मृतिभ्रंश झालेला होता. चिखलातली ती दुपार आजोबांना आठवत होती आणि ती ज्याने घडवली त्याला कदाचित नाही, हा विचार मी त्यांच्यापुढे कधी बोलून दाखवलेला नाही.

तिसऱ्या आणि चौथ्या नावाला आता थंडीत कुडकुडलेला साक्षीदार जवळजवळ उरलेलाच नाही. तरी आजोबा त्यांना हलवत नाहीत, कारण ती नावे त्यांच्या वडिलांच्या यादीतून आलेली आहेत. ग्रेंज शेजारच्या व्हीटन गावचा. सुट्टीत घरोघर बर्फाच्या लाद्या पोहोचवून त्याने खांदे कमावले. 1924 मध्ये इलिनॉय विद्यापीठासाठी मिशिगनविरुद्ध पहिल्या बारा मिनिटांत त्याने चार टचडाऊन केले आणि पुढच्याच वर्षी, पैसे घेऊन फुटबॉल खेळणे हे बरे घरचे काम समजले जात नसताना, तो बेअर्सकडे आला. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी त्याला पाहायला 36,000 माणसे लोटली. सामना सुटला शून्य-शून्य. पेटनचे पहिल्या सामन्यातले शून्य आणि हे शून्य मला एकाच घराण्यातले वाटते. नागुर्स्की हा तर माणूस की दंतकथा, असा प्रश्न पडावा असा गडी. त्याच्याविषयी सांगितलेल्या गोष्टींतून विटांच्या भिंती वगैरे वजा केल्या तरी 1932 ची अंतिम लढत उरतेच. बाहेर बर्फ आणि जीवघेणी थंडी म्हणून ती शिकागो स्टेडियमच्या छताखाली, 80 यार्डांच्या आखूड मैदानावर खेळवली गेली. खाली माती होती ती नुकत्याच होऊन गेलेल्या सर्कशीची, आणि तिला हत्तींचा वास येत होता म्हणतात. त्या वासात नागुर्स्की चेंडू घेऊन धावायला निघाला, मधेच थांबला, मागे सरला आणि त्याने चेंडू फेकला तो ग्रेंजकडे. यादीतला तिसरा चौथ्याला चेंडू देतो आणि बेअर्स जिंकतात. मग 1943 मध्ये, युद्धामुळे संघात माणसे उरली नाहीत तेव्हा, शेतीवाडीत रमलेला पस्तिशीचा नागुर्स्की परत आला आणि अंतिम सामन्यात टचडाऊन करून पुन्हा घरी गेला. क्रम लावणारा माणूस अशा ठिकाणी काय मोजणार?

पाचव्या ओळीची गोष्ट वेगळी आहे. तिथे आम्ही खरे भांडलो आहोत. मध्यंतरी तिथे बीटी फेदर्स होता, 1934 मध्ये पहिल्याच हंगामात 1,004 यार्ड काढणारा, हजाराची रेषा ओलांडणारा लीगमधला पहिला. पुढे तो त्या आकड्याच्या जवळपासही गेला नाही. त्याच्या पुढे वाट करून द्यायला नागुर्स्की होता, हे मी निदर्शनास आणल्यावर वर पट्टी बसली. काही काळ विली गॅलिमोर होता, जो 1964 च्या उन्हाळ्यात सरावशिबिराजवळ मोटार अपघातात गेला. एक हिवाळाभर मी नील अँडरसनची वकिली केली. पेटनच्या पाठोपाठ त्याच जागेवर उभे राहायचे आणि सलग तीन वर्षे हजारावर यार्ड काढायचे, तरी लोकांनी त्याच्या खांद्यावरून मागेच पाहत राहायचे. थोरल्याच्या पाठीवर झालेल्या धाकट्याचे दुःख मला चांगले ठाऊक आहे. आजोबांनी दोन महिने ते नाव ठेवले, मला बरे वाटावे म्हणून.

आणि माझे उत्तर होते मॅट फोर्टे. 9 डिसेंबर 2013, सोमवारची रात्र, समोर डॅलस, आणि तापमान उणे बारा-तेरा सेल्सियस. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिच्या मोज्यांत मी गरम होणाऱ्या पुड्या कोंबल्या होत्या आणि ती दर पाच मिनिटांनी आपल्या नाकाचा शेंडा माझ्या बाहीवर घासत होती. मध्यंतरात डिटका यांचा 89 नंबर सन्मानाने निवृत्त करण्यात आला. तळ्यावरून येणारा वारा कॉलरमधून आत शिरून पाठीवर फिरत होता. फोर्टे धावत होता तेव्हा गर्दी ओरडण्याऐवजी हातमोजे एकमेकांवर आपटत होती, आणि हजारो जाड हातमोज्यांचा तो ढप-ढप आवाज कुठेतरी खोलवर गोधड्या झटकल्यासारखा येत होता. तो आरडाओरडा न करता खेळणारा माणूस होता. पुढच्या वर्षी त्याने 102 पास झेलले, इतके तोवर कुठल्याच रनिंग बॅकने एका हंगामात झेलले नव्हते. तरी संघ हरत राहिला आणि 2015 नंतर त्याला सोडून देण्यात आले. 2018 मध्ये त्याने एका दिवसाचा करार करून बेअर्स म्हणूनच निवृत्ती घेतली. हे सगळे मी त्या शनिवारी सांगू शकलो असतो. पण ते सांगितले असते तर फोर्टेला मी पेटनच्या आणि सेयर्सच्याही वर बसवतो हे कबूल करावे लागले असते, आणि कारण काय, तर त्या रात्री माझ्या बाहीला लागलेले शेंबूड. हिशेबनिसाला ते कुठल्या रकान्यात लिहावे हे कळले नाही.

दोन आठवड्यांनी मी दाताळे परत करायला गेलो. गॅरेजमध्ये आजोबा आणि नातू बाकावर बसले होते, वहीवर. अभ्यास आदल्या दिवशीच देऊन झाला होता. मी उभ्याउभ्याच फोर्टेची ती रात्र सांगून टाकली, मोज्यांसकट, बाहीसकट. आजोबांनी ऐकून घेतले आणि नातवाला म्हणाले, याला तुझी यादी दाखव. मुलाने वही उघडली. पेटन पहिला होता, सेयर्स दुसरा, मग नागुर्स्की, मग ग्रेंज. कारणे नीट अक्षरात. पाचव्या आकड्यापुढे लिहिले होते, डिआंद्रे स्विफ्ट. म्हणजे तेव्हाचा, त्याच वर्षी संघात आलेला, ज्याचे बेअर्ससाठीचे यार्ड अजून हजारसुद्धा झालेले नव्हते. मी आजोबांकडे पाहिले, आजोबांनी माझ्याकडे. फोर्टे, अँडरसन, कॅसारेस या सगळ्यांना डावलून स्विफ्ट, यावर आम्ही दोघे पहिल्यांदाच एका बाजूला होतो, आणि बोलायला आम्ही बहुधा एकदमच तोंड उघडले असावे.

कारणाच्या रकान्यात एकच ओळ होती. आजोबांनी महिन्याच्या सुरुवातीला मला सोल्जर फील्डवर नेले तेव्हा मी याला पाहिले, आणि आम्ही दोघांनी मिळून एक मोठा प्रेट्झेल खाल्ला.

आजोबांनी खणातून चिकटपट्टीचे रीळ काढले, दाताने एक तुकडा तोडला आणि पाचव्या आकड्यापुढे तो अंगठ्याने घासून घासून बसवला. मग मार्कर मुलाच्या हातात दिला. झाकण जरा उंचावर होते, म्हणून मी बाक पुढे सरकवला.